ॲनिमेशन शिकायला कोकणातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी

खाडीपलीकडे | ८ जून, रात्री ९:४०

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. "तुमच्या मुलीने ते कार्टूनचं केलं ना, आमच्या पोरालाही तेच करायचंय, कुठे घालू?" आई फोन माझ्या हातात देते आणि मी जमेल तसं सांगते. पाच मिनिटांत अर्धं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे त्यांनी भर घालावी.

मी देवगड तालुक्यातली. घरची थोडी हापूसची कलमं. बारावी सायन्स, मग चार वर्षांची ॲनिमेशनची पदवी, आणि आता सहा वर्षं मुंबईत एका स्टुडिओत लाइटिंगचं काम करते.

पहिला गोंधळ नावातच होतो. ॲनिमेशन म्हणजे हालचाल घडवणं. पात्राने पाऊल उचललं तर ते दमलंय की घाईत आहे, हे त्या पावलावरून कळलं पाहिजे. हे डिझाइनच्या आणि कलेच्या महाविद्यालयांत शिकवतात. कॉम्प्युटर ग्राफिक्स म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारं गणित आणि प्रोग्रॅमिंग. ते इंजिनिअरिंगला, बीएस्सी आयटीला, कॉम्प्युटर सायन्सला असतं. चित्रपटात दोन्ही एकाच फ्रेममध्ये भेटतात, पण प्रवेश परीक्षा वेगळ्या, आणि चार वर्षं रोज बसून करायचं कामही वेगळं. तुमचा मुलगा नकला करतो, वहीच्या कडेला माणसं काढतो, की गेममधलं पाणी खऱ्यासारखं कसं दिसतं असं विचारत बसतो? पाहुण्यांना विचारण्याआधी एवढं बघा.

मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी भारी मशीनसमोर बसवतील. पहिल्या सत्रात आम्ही कॉम्प्युटरला हात लावला नाही. पेन्सिल, कागदाचे गठ्ठे आणि खालून उजेड येणारा लाइट बॉक्स. सकाळी स्टेशनवर, दुपारी बाजारात बसून माणसं काढायची, एकेक तीस सेकंदांत. मग चेंडू उडवायचा. मग पिठाची गोणी, जिला ना हात ना तोंड, तिला चालवायचं, रुसवायचं. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. हाताने काढताना बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. पाच सेकंदांच्या कामाला ६० चित्रं, आणि त्यातली अर्धी टाकून द्यायची.

दुसऱ्या वर्षी विषय मिळाला, बांधलेली होडी. पाच सेकंद. मला मनातून आनंद झाला, हे तर माझ्या दारातलं. दोन रात्रींत काढून दिलं. सर बघून म्हणाले, "हिला वजन नाही. हा पाळणा झाला." पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी खोलीवर जाऊन रडले.

दिवाळीला घरी आले ती तडक बंदरावर गेले. तीन दिवस संध्याकाळी जेटीवर बसून मोबाइलवर होड्यांचं चित्रण केलं आणि रात्री एक एक फ्रेम पुढे सरकवत मोजत बसले. लहान होडी लाटेला लगेच उत्तर देते, झटकन वर, झटकन खाली. ट्रॉलर उशिरा हलतो आणि हलला की सावकाश थांबतो. होडी मागे सरते तसा दोर पाण्यातून वर येतो, ताठ होतो, त्याच्यावरून पाणी निथळतं, आणि मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, एक हिसका खाते. मागची बाजू तो हिसका थोड्या वेळाने घेते. दोन डोलणी कधीही एकसारखी नसतात. अठरा वर्षं त्या बंदरावर जात होते, पण दोर आधी ताणतो आणि नाळ नंतर वळते, हे कागदावर काढायची पाळी आली तेव्हा कळलं.

चौथ्यांदा काम पास झालं. सरांनी शेरा लिहिला नाही, ते पुन्हा पुन्हा चालवून बघत राहिले.

आपल्या मुलांना वाटतं, शहरातली मुलं सॉफ्टवेअर आधीपासून जाणतात, आपण मागे. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येतं. पाग टाकणारा माणूस आधी मागच्या पायावर भार घेतो, कंबर उलटी वळवतो, आणि जाळं हातातून सुटल्यावरही त्याचा खांदा फिरत राहतो. वाऱ्यात माडाचा बुंधा आधी कलतो, झावळ्या मागून येतात आणि झावळीचं टोक सगळ्यांत शेवटी. यातल्या प्रत्येक गोष्टीला आमच्या अभ्यासक्रमात नाव आहे आणि त्यावर वेगळा तास आहे. तुम्ही हे बघत वाढलात. आता ते मोजायला शिका.

प्रवेशाचं थोडक्यात. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) ॲनिमेशन फिल्म डिझाइनची पदवी आहे, त्यासाठी डॅट ही परीक्षा असते. यूसीड ही परीक्षा दिली तर आयआयटी मुंबई आणि आणखी काही आयआयटींच्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, जाता येतं. ती कुठल्याही शाखेच्या बारावीवर देता येते, मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र १९६९ पासून आहे आणि तिथे ॲनिमेशनचं एम.डेस., म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, आहे, त्याला सीड ही परीक्षा लागते. सीडला कुठल्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी चालते, वयाची अट नाही, कितीही वेळा बसा. म्हणजे रत्नागिरीत घरी राहून बीएस्सी आयटी करणारा मुलगाही तीन वर्षांनी तिथे जाऊ शकतो. हे मला माहीत नव्हतं, माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना माहीत नव्हतं. राज्यातल्या बीएफए या कलेच्या पदवीसाठी सीईटी वेगळी असते. तारखा दर वर्षी अधिकृत संकेतस्थळावरच बघा.

गुहागरची_आई | ८ जून, रात्री ११:०५

ताई, तुम्ही माझ्यासाठीच लिहिलंत असं वाटलं. माझी मुलगी यंदा अकरावीत गेली. दिवसभर चित्रं काढते, गणितात मात्र काठावर पास. तिच्या बाबांचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे, चित्रं रविवारी काढ. मागच्या आठवड्यात शहरातल्या एका इन्स्टिट्यूटमधून फोन आला. एका वर्षात शंभर टक्के नोकरी, पण या महिन्यात पैसे भरले तरच सवलत, असं म्हणाले. आम्ही जवळजवळ भरलेच होते. गणित कच्चं असलेल्या मुलीला हे जमेल का? आणि एवढ्या लांब एकटी पाठवायची तर कुणाच्या भरवशावर?

भाड्याची_खोली | ९ जून, सकाळी ७:२०

गुहागरच्या काकू, पैसे भरू नका. निदान आठवडाभर तरी थांबा.

मी राजापूरचा. बारावीनंतर असाच फोन आला, अशीच सवलत होती. नाव लिहीत नाही. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं. पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअर. हे बटण दाबा, ते बटण दाबा, पुस्तकात दिलेला रोबो जसाच्या तसा बनवा. वर्षात एकदाही पेन्सिल हातात दिली नाही. वर्गात ३० मुलं आणि चालू मशीन १२. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, ते कुठल्याच विद्यापीठाचं नव्हतं. मुलाखतीला गेलो की समोरचा माणूस म्हणायचा, रोबो राहू दे, एखादं चालणारं माणूस दाखव. माझ्याकडे नव्हतं.

आता दोन वर्षं रोटोचं काम करतो. चित्रीकरणातल्या माणसाभोवती फ्रेमगणिक रेघ काढायची, म्हणजे मागचं दृश्य बदलता येतं. काम प्रामाणिक आहे, पोट भरतं. रात्री खोलीवर आल्यावर स्वतःहून चित्रकला शिकतोय, जी आधी शिकायला हवी होती.

कुठेही जाण्याआधी तीन गोष्टी करा. पदवी कोणतं विद्यापीठ देणार ते लेखी मागा आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत ते नाव शोधा. मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेलं काम बघायला मागा, जाहिरातीतलं नव्हे, वर्गातलं. आणि न सांगता जाऊन लॅबच्या दारात उभे राहा, मुलं काय करतायत ते बघा. माझ्या बाबांना हे सांगणारं कुणी नव्हतं.

लोणेरेकर | ९ जून, दुपारी १:१५

मी दुसऱ्या दारातून या क्षेत्रात आलो. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, तिथे कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय आयुष्याला चिकटला. खाडीपलीकडे यांनी चित्राची बाजू लिहिली, मी गणिताची लिहितो. गणिताला घाबरणाऱ्यांनी हा प्रतिसाद वगळू नये ही विनंती.

पहिलं प्रात्यक्षिक होतं सरळ रेघ काढण्याचं. हसू येईल, पण पडदा म्हणजे चौकटीची वही. तिरकी रेघ चौकटींतून जाताना कुठली घरं रंगवायची? १९६२ मध्ये आयबीएममधल्या ब्रेझेनहॅमने यावर जी रीत काढली, तिच्यात फक्त पूर्ण संख्यांची बेरीज-वजाबाकी आहे, भागाकार कुठेच नाही. मी ती चौकटीच्या वहीवर पेन्सिलने केली आणि मग प्रोग्रॅम लिहिला. त्या रात्री हॉस्टेलवर झोप आली नाही.

आता घरचं उदाहरण. १२ मीटर उंच माडावरून नारळ सुटला, तर खाली यायला दीड सेकंदाहून किंचित जास्त, म्हणजे ३७-३८ फ्रेम. हवेचा विरोध सोडून देऊ. पहिल्या १२ फ्रेममध्ये तो जेमतेम सव्वा मीटर उतरतो. शेवटच्या १२ फ्रेममध्ये जवळजवळ साडेसहा मीटर! नवीन मुलगा दर फ्रेमला सारखंच अंतर टाकतो, म्हणून त्याचा नारळ दोरीने सोडल्यासारखा दिसतो. सरांनी "वजन नाही" म्हटलं ते बहुतेक इथेच अडकतं. हे सूत्र अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे.

उजेडाचंही तसंच. जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, सकाळचं ऊन तिरकं पडतं तेव्हा तो मंद दिसतो, ऊन समोरून आलं की उजळतो. पृष्ठभागाला किती उजेड मिळणार हे त्या कोनाच्या कोसाइनवर ठरतं. हा नियम लँबर्टने अठराव्या शतकात मांडला, आणि आजही ग्राफिक्सच्या पहिल्या शेडरमध्ये (उजेड आणि रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) तोच लिहितात, दोन व्हेक्टरांचा एक डॉट प्रॉडक्ट. पावसात भिजलेल्या कौलावर जो चमकता ठिपका दिसतो, त्याचं सोपं गणित बुई तुआंग फाँग या व्हिएतनामी तरुणाने युटा विद्यापीठात १९७३ मध्ये दिलं. दोन वर्षांत तो गेला, वय ३२. त्याच्या नावाची ती रीत जगभर शिकवतात. जांभ्याची भोकं एक एक करून कोरायची गरज पडत नाही. पृष्ठभाग सपाटच ठेवून फक्त उजेडाचं गणित हलवायचं आणि खडबडीतपणाचा भास करायचा, ही युक्ती ब्लिनने १९७८ मध्ये मांडली. मी त्यासाठी आमच्या गडग्याचे फोटो जूनमध्ये काढले, शेवाळ धरल्यावर. उन्हाळ्यातला जांभा लाल, कोरडा, एकसुरी. जूनमधल्या दगडात हिरवा, काळा, तांबडा सगळं असतं.

गुहागरच्या ताई, मुलगी पात्रांची हालचाल करणार असेल तर तिला एवढं गणित लागणार नाही. ग्राफिक्सचं प्रोग्रॅमिंग करणार असेल तर मॅट्रिक्स, व्हेक्टर आणि त्रिकोणमिती यांना पर्याय नाही. पण "गणित कच्चं" याचा अर्थ बऱ्याचदा "गणिताचं चित्र कुणी दाखवलं नाही" असा असतो. मॅट्रिक्स वापरून तिने काढलेला मासा पडद्यावर फिरवून दाखवा, मग ठरवा.

पिंगुळीवालो | ९ जून, रात्री ८:५०

मी पिंगुळीच्या बाजूचो, कुडाळ तालुको. सगळा वाचलंय, कॉम्प्युटरातला माका जास्त कळणा नाय. पण एक सांगतंय. आमच्याकडे ठाकर समाजाची मंडळी पिढ्यान् पिढ्या चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचो खेळ करतत. परशुराम गंगावणेंका २०२१ साली पद्मश्री मिळाली ती ह्याच कामासाठी. चित्रकथीत एक एक चित्र उभा करून गोष्ट गावन सांगतत, चित्र बदलला की गोष्ट फुडे सरता. चामड्याची बाहुली पडद्यामागे दिव्याच्या उजेडात नाचवतत. बाहुली दिव्याच्या जवळ नेली की पडद्यार सावली मोठी जाता, पडद्याक टेकवली की ल्हान आणि रेखीव. राक्षस अंगार येतलो तर तेका दिव्याकडे नेवचो. ल्हानपणी ह्या बघून मी आवशीच्या पदरात तोंड लपयलंय.

पोरांका मुंबैक धाडूच्या आधी एकदा हय घेवन येवा. चित्र हलता कसा ता समोर बसान बघूदेत.

लोणेरेकर | ९ जून, रात्री ९:३०

काका, तुम्ही जे लिहिलंत ते आमच्या तिसऱ्या वर्षाचं एक अख्खं प्रकरण आहे. दिव्यापासून पडदा ६ फुटांवर आणि बाहुली ३ फुटांवर असेल तर सावली दुप्पट. बाहुली ४ फुटांवर नेली तर दीडपट. कॉम्प्युटरमधला कॅमेरा नेमकं हेच करतो, प्रत्येक बिंदूला त्याच्या अंतराने भागतो, म्हणून लांबचं लहान दिसतं. मला हे फळ्यावर समजायला दोन आठवडे लागले होते. पुढच्या सुट्टीत पिंगुळीला नक्की येतो.

खडू_फळा | १० जून, सकाळी ६:४५

चाळीस वर्षं सावंतवाडी परिसरात चित्रकलेचा शिक्षक होतो. थोडं माझंही ऐका.

धाग्याच्या शीर्षकात "बाहेर पडणाऱ्या" असं आहे, ते वाचून वाईट वाटलं. पाया इथेही घालता येतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या रेखाकला परीक्षा शाळेतूनच देता येतात. दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलं त्या देतात आणि मग पेन्सिल ठेवून देतात. इंटरमिजिएटला बसवलेला मुलगा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं करतो. स्मरणचित्राचा अभ्यास गांभीर्याने केलात तर ॲनिमेशनची अर्धी तयारी झाली, कारण त्यात डोक्यातला प्रसंग माणसांसकट कागदावर आणायचा असतो. पुढे रीतसर कला शिकायची तर चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी कोकणची घरं, वाटा, माणसं जलरंगात काय सुंदर उतरवली आहेत!

दुसरं, त्रिमितीचं. माझ्या विद्यार्थ्यांत जे मूर्तिशाळेत आषाढ-श्रावणात शाडू मळत होते, त्यांचा हात कॉम्प्युटरवरच्या मॉडेलिंगला फार लवकर बसला. मूर्तीचा खांदा मागून कसा दिसतो हे त्यांना विचारावं लागत नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी, गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) हेही नुसतं पर्यटकांसाठी ठेवू नका. दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पानं असतात, एका अवताराची १२. तळहाताएवढ्या वर्तुळात आकृती बसवायची म्हणजे काय काय गाळायचं आणि काय ठेवायचं, हे पान समोर ठेवून नक्कल करा म्हणजे कळेल.

आणि हे शिक्षण परदेशातून आलेलं खूळ आहे असं ज्या पालकांना वाटतं त्यांच्यासाठी. दादासाहेब फाळके जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने एक एक फ्रेम टिपत त्याच्या रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. पुढे आगकाड्यांना हलवून चित्रपटही केला. शंभर वर्षांपूर्वी मराठी माणूस हे करत होता.

खाडीपलीकडे | १० जून, रात्री १०:१०

सर, नमस्कार. तुमचं बरोबर आहे, शीर्षक लिहिताना माझ्याच वाटेचा विचार केला. इंटरमिजिएट मीही दिली होती आणि मुलाखतीत माझी स्मरणचित्रंच बघितली गेली, हे लिहायचं राहिलं.

गुहागरच्या ताई, कुणाच्या भरवशावर पाठवायची हे मला ठामपणे सांगता येणार नाही. मी गेले तेव्हा आईने स्टेशनवर एवढंच म्हटलं, नाही जमलं तर परत ये, घर इथेच आहे. त्या वाक्यावर मी पहिलं वर्ष काढलं. वसतिगृह संस्थेच्या आवारातच आहे का ते बघा, कारण सत्राच्या शेवटी रात्री दोन-दोनपर्यंत लॅबमध्ये थांबावं लागतं.

कणकवली_बारावी | ११ जून, दुपारी ४:०५

ताई, माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे. घेतला तर कसला घ्यावा? आणि आमच्याकडे पावसात लाईट दिवसातून चारदा जाते. शिवाय आता एआय चित्रं करतंय तर हे शिकून उपयोग होईल का, असं मामा विचारतो.

खाडीपलीकडे | ११ जून, रात्री ९:५५

आत्ता काही घेऊ नकोस. कृता आणि ओपनटून्झ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि द्विमितीसाठी तुझ्या लॅपटॉपवर चालतील. त्रिमितीसाठी ब्लेंडर, तेही फुकट. मूळची कंपनी बंद पडली तेव्हा २००२ मध्ये जगभरच्या वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सगळ्यांसाठी खुलं केलं. २०२५ मध्ये ज्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो लाटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जियममधल्या लहानशा चमूने ब्लेंडरवरच केला होता. प्रवेश मिळाल्यावर, संस्था काय सांगते ते ऐकून मशीन घे. तेव्हा १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं बघ, दिसण्यावर जाऊ नकोस.

लाइटचं मात्र मी स्वतः भोगलंय. माझी शेवटच्या वर्षाची फिल्म अडीच मिनिटांची, म्हणजे ३,६०० फ्रेम. कॉम्प्युटरला एक फ्रेम पूर्ण तयार करायला (याला रेंडरिंग म्हणतात) सरासरी चार मिनिटं लागत होती. गुणाकार कर, १४,४०० मिनिटं, म्हणजे एका मशीनवर अहोरात्र दहा दिवस. त्यातला काही भाग मी जुलैमध्ये घरी लावला आणि थेट व्हिडिओ फाइल बनवायला सांगितली. वादळी रात्री लाईट गेली आणि अकरा तासांचं काम अर्धवट फाइलसकट गेलं. सकाळी आईने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. तेव्हापासून एकच रीत. प्रत्येक फ्रेम वेगळं चित्र म्हणून साठवायची. लाईट गेली तर चालू असलेली एक फ्रेम जाते, बाकीच्या सुरक्षित राहतात, आणि आल्यावर पुढच्या आकड्यापासून सुरू करता येतं. सगळ्या झाल्या की जोडून व्हिडिओ करायचा. शहरातल्या मित्रांना ही सवय माझ्यामुळे लागली.

मामांच्या प्रश्नाला खरं उत्तर देते. काम बदलतंय. रोटोसारखी कामं यंत्र झपाट्याने उरकतंय, भाड्याची_खोली यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. नवीन मुलांना पहिली नोकरी मिळणं आमच्या वेळेपेक्षा कठीण झालंय. पण स्टुडिओत रोज जे ऐकते ते असं असतं, "हिच्या मानेला दुःख दिसत नाही", "हा जिना चढतोय पण गुडघ्यावर भार नाही". हे ज्याला दिसतं आणि दुरुस्त करता येतं, त्याला विचारल्याशिवाय शॉट पुढे जात नाही. तू ते बघायला शिक. मामांना सांग, धोका आहे, आणि तो ओळखून जातो आहेस.

भाड्याची_खोली | १२ जून, रात्री १:३०

रोटोबद्दल ताई म्हणतात ते खरंय. आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी होती तेवढी माणसं आता नाहीत. म्हणूनच रात्रीचा रियाझ सोडत नाही. खडू_फळा सर, पाच चित्रं पाठवू का तुम्हाला? कुणी जाणत्याने बघितलेली नाहीत.

खडू_फळा | १२ जून, सकाळी ६:३०

पाच नको, पन्नास पाठव. निवडू नकोस, बिघडलेलीही ठेव.

गुहागरची_आई | ३० जून, दुपारी ३:२०

सगळ्यांचे आभार. इन्स्टिट्यूटला नाही कळवलं. त्यांना विद्यापीठाचं नाव लेखी मागितलं तर नंतर फोनच आला नाही. मुलीच्या बाबांनी हा धागा दोनदा वाचला. इंटरमिजिएटला बसवायचं ठरलंय, आणि बीएस्सी आयटी करून सीड देण्याची वाट त्यांना पटली आहे. बँकेचा विषय अजून पूर्ण मिटलेला नाही.

मुलीने मात्र कामाला सुरुवात केली. तिची आजी विळीवर बसून नारळ खवते, ते मोबाइलवर घेतलं आणि जुन्या वहीच्या कागदांवर ४८ चित्रं काढली, चार सेकंदांची. खालचं चित्र पुसट दिसावं म्हणून कागद खिडकीच्या काचेवर धरून काढत होती. काल फोनवर जोडून आजीला दाखवलं. आजीने चष्मा लावून तीनदा बघितलं आणि म्हणाली, "अगो, वाटी फिरतच नाही ही. न फिरवता खवलंस तर एकाच जागी भोक पडेल, मग करवंटी येईल खोबऱ्यात."

मुलीने मूळ चित्रण पुन्हा बघितलं. दर दोन घासण्यांनंतर आजीचा डावा अंगठा वाटीला थोडं ढकलतो. आत्ता ती खिडकीशी बसून पुन्हा काढतेय. कागद संपत आलेत, शेजारचे उद्या चिपळूणला जाणार आहेत, त्यांना दोन गठ्ठे आणायला सांगितलेत.